फेटा सैल करायचा की आवळायचा? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सर, नमस्कार.

डेव्हिड ॲलिस या जीवशास्त्रज्ञांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. तळ्यातल्या एकपेशीय जीवावरच्या कामातून कॅन्सरचं औषध निघालं असं मी भासवलं, आणि डोक्याला फेटा तसा हिस्टोन या प्रथिनांभोवती डीएनए गुंडाळलेला असतो, ही माझी उपमा फसवी आहे; कॅन्सरमध्ये हा फेटा बांधायचा की सोडायचा, असं तुम्ही विचारलंत.

पहिला आक्षेप मान्य. व्होरिनोस्टॅट हे ते औषध ॲलिस यांच्या शोधातून आलेलं नाही. १९७१ मध्ये शार्लट फ्रेंड यांना दिसलं, की उंदराच्या ल्युकेमियाच्या पेशींवर डीएमएसओ हे साधं द्रावक टाकलं की त्या हिमोग्लोबिन बनवू लागतात, म्हणजे साध्या तांबड्या पेशींसारख्या वागू लागतात. मग पॉल मार्क्स आणि रोनाल्ड ब्रेस्लो यांनी त्याहून जालीम रेणू शोधण्यात वर्षं घातली. गंमत म्हणजे रेणू आधी हाती आला, तो पेशीत नेमकं कुणाला अडवतो हे मागाहून कळलं. २००६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, तीही त्वचेच्या टी-सेल लिम्फोमा या कॅन्सरपुरती.

पण म्हणून टेट्राहायमेनाला, त्या तळ्यातल्या जीवाला, हिणवू नका. त्याच्या एकाच पेशीत दोन केंद्रकं असतात. मोठ्यात जनुकं चालू, हिस्टोनवर ॲसिटिल या छोट्या रासायनिक गटाचे शिक्के. छोटं जवळजवळ मुकं, तिथं शिक्के नाहीत. १९९६ मध्ये ॲलिस यांच्या गटाला याच मोठ्या केंद्रकात शिक्का मारणारं एन्झाइम सापडलं. ते निघालं यीस्टमधल्या जीसीएन५ या प्रथिनाचं भावंड, आणि जीसीएन५ जनुकं चालू करायला मदत करतं हे आधीच ठाऊक होतं!

आता फेटा. आठ हिस्टोनच्या डोक्यावर डीएनएच्या अक्षरांच्या १४७ जोड्या, साधारण पावणेदोन वेढे. ॲसिटिल लागलं की हिस्टोनचा धनभार मरतो, पकड ढिली होते. इथवर उपमा चालते. पण आपल्याकडं लग्नात एका डोक्याला एक फेटा, पेशीत कोट्यवधी. कॅन्सरमध्ये राखणदार जनुकांवरचे काही आवळलेले, वाढीच्या जनुकांवरचे काही सुटलेले. म्हणजे तुमच्या 'बांधायचा की सोडायचा?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. औषध शिक्के पुसणाऱ्या एन्झाइमांना अडवतं, म्हणजे फेटे सैल ठेवतं; पण त्याला निवडक फेटा सोडता येत नाही, शिवाय ही एन्झाइमं हिस्टोनशिवाय इतर प्रथिनांवरचेही शिक्के पुसत असतात. थकवा, जुलाब, प्लेटलेट्स घटणं हे त्यासोबत येतं. घट्ट गाठींच्या कॅन्सरमध्ये ते एकट्यानं फारसं चाललेलं नाही.

हे मी लिहायला हवं होतं. लेख वाचून रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या दोघांनी मला 'हे औषध कुठं मिळंल?' म्हणून विचारलं होतं. मी नुसताच हसलो होतो. आज दोघांनाही फोन करतो.