क्रॉसबी चार दिवसांत परतला, आणि मग?

गेल्या आठवड्यात सरावाच्या वेळी माझ्या भाच्याचे डोके रिंकच्या कठड्यावर आदळले. त्याने ते घरी सांगितले नाही आणि दुसऱ्या दिवशी तो सामनाही खेळला. का लपवलेस, असे विचारल्यावर त्याने काही न बोलता फोन माझ्यापुढे धरला. ‘व्यावसायिक आइस हॉकीपटूच्या कारकिर्दीची पाच सत्ये’ या नावाने गटागटांतून फिरणारा मजकूर त्यावर होता. हे खेळाडू वर्षातून सहाच महिने काम करतात, सगळेच कोट्यधीश होतात, अठराव्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, नाव आले नाही तर दारे बंद होतात, खेळ जमत नसेल तर मारामारीच्या जोरावरही जागा मिळते, आणि हेल्मेट असल्यामुळे डोक्याला लागलेले दोन दिवसांत बरे होते, अशी ती सत्ये. पाचव्याला पुरावा म्हणून कॅनडाचा नामवंत आइस हॉकीपटू सिडनी क्रॉसबी याचे उदाहरण जोडले होते : डोक्याला मार बसूनही तो चार दिवसांत खेळायला उतरला, म्हणूनच तो मोठा झाला.

पहिली चार आधी उरकतो. एनएचएल या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च आइस हॉकी लीगचा साखळी हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल असा साधारण सहा महिन्यांचा असतो, एवढे खरे आहे. परंतु त्याआधी सप्टेंबरात सराव शिबिर असते, आणि २०२५-२६ पर्यंतच्या पद्धतीप्रमाणे ८२ साखळी सामने संपल्यावर स्टॅनली कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकायचा तर चार फेऱ्यांत आणखी १६ विजय लागतात, ज्यासाठी जूनपर्यंत खेळावे लागते. पैशांबाबत बोलायचे तर एनएचएलमधील २०२५-२६ चे किमान वार्षिक वेतन ७,७५,००० डॉलर होते आणि ही रक्कम कोणी लहान म्हणणार नाही. मात्र व्यावसायिक खेळाडू म्हणजे केवळ एनएचएलमधला खेळाडू नव्हे. ‘टू-वे’ करारावरच्या खेळाडूला खालच्या लीगमध्ये पाठवले की त्याच करारातला वेगळा, बहुधा बराच कमी दर लागू होतो, आणि एनएचएलच्या बर्फावर एकदाही पाऊल न टाकता कारकीर्द संपवणारे कितीतरी असतात. ड्राफ्टचा मुद्दा तर तपासण्याच्याही लायकीचा नाही. मार्टिन सेंट लुई याला कोणत्याच संघाने ड्राफ्टमध्ये घेतले नव्हते. २००४ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला हार्ट ट्रॉफी मिळाली आणि २०१८ मध्ये तो हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेला.

मारामारीच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. मुठी चालवण्यासाठीच ओळखले जाणारे ‘एनफोर्सर’ संघ खरोखरच बाळगत असत. पण त्या कारकिर्दीचा शेवटही त्या मजकुरात यायला हवा होता. डेरेक बूगार्ड २७७ सामने खेळला आणि त्यांत त्याने तीन गोल केले. डिसेंबर २०१० मधील एका मारामारीत डोक्याला मार बसल्यानंतर तो पुन्हा कधीही खेळला नाही. मे २०११ मध्ये दारू आणि वेदनाशामक औषधे एकत्र घेतल्याने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचा मेंदू तपासला आणि त्यांना त्यात सीटीई आढळला. वारंवार बसलेल्या धक्क्यांशी जोडला गेलेला हा मेंदूचा झिजत जाणारा आजार आहे, आणि त्याचे खात्रीलायक निदान आजही मृत्यूनंतरच होते.

आता पाचवे ‘सत्य’, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. भाच्याचे हेल्मेट हातात घेऊन मी आतल्या अस्तरावर अंगठा दाबून पाहिला, तेव्हा ते जेमतेम दबले. कवटी फुटू नये यासाठी ते उत्तम आहे. मेंदू मात्र कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. भरधाव बसने करकचून ब्रेक लावला की बस थांबते, पण आत उभा असलेला माणूस थांबत नाही. तसेच डोके झटक्यात थांबले किंवा गर्रकन वळले की आतला मेंदू हलतो आणि त्याचे तंतू ताणले जातात. हेल्मेट बाहेरून कितीही घट्ट बसवले तरी हे आतले हलणे त्याला रोखता येत नाही.

बोस्टनच्याच संशोधकांनी ७७ आइस हॉकीपटूंच्या दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध केला. त्यांपैकी ४२ जणांमध्ये सीटीई होता, आणि एनएचएल खेळलेल्या १९ पैकी १८ जणांमध्ये. ज्यांच्यात लक्षणे दिसली त्यांचेच मेंदू बहुधा दान होतात, त्यामुळे हे प्रमाण सरसकट सर्व खेळाडूंना लावता येणार नाही, ही मर्यादा मी स्वतःच सांगतो. पण त्या अभ्यासाचा गाभा वेगळा आहे. खेळण्याचे प्रत्येक जादा वर्ष सीटीईच्या शक्यतेत सुमारे ३४ टक्क्यांची भर घालते, असे त्यात दिसले. म्हणजे प्रश्न एखाद्या मुठीचा नसून वर्षानुवर्षे साचत जाणाऱ्या धक्क्यांचा आहे, आणि हे मोजमाप तेराव्या वर्षी रिंकवर उतरलेल्या मुलापासूनच सुरू होते.

राहता राहिला क्रॉसबी. १ जानेवारी २०११ रोजी त्याच्या डोक्याला धक्का बसला आणि ५ जानेवारीला तो खेळला, इथपर्यंत मजकूर बरोबर आहे. त्या दुसऱ्या सामन्यातही तो कठड्यावर आदळला, आणि नेमके एवढेच गाळले आहे. ४१ सामन्यांत गोल आणि गोलसाहाय्य मिळून ६६ गुण मिळवून खेळाडूंच्या गुणतालिकेत आघाडीवर असलेला हा खेळाडू त्यानंतर थेट २१ नोव्हेंबरला परतला. आठ सामन्यांत लक्षणे पुन्हा उलटली आणि त्याला मार्च २०१२ पर्यंत बाहेर बसावे लागले. त्याने २०१६ आणि २०१७ चे स्टॅनली कप जिंकले ते एवढे थांबल्यानंतर. चार दिवसांच्या घाईने त्याला काय मिळाले, हे वरच्या तारखाच सांगतात.

डोक्याला मार बसल्याचा संशय आला तर त्या दिवशी पुन्हा खेळायचे नाही आणि नंतर टप्प्याटप्प्यानेच परतायचे, असे खेळातील कन्कशनविषयीचे, म्हणजे धक्क्याने मेंदूला होणाऱ्या इजेविषयीचे, आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-मत स्पष्ट सांगते. भाच्याचे हेल्मेट सध्या माझ्या कपाटात आहे, आणि डॉक्टरांनी लेखी परवानगी दिली की ते त्याला परत मिळेल.