एका केळीला एक दशक

आज आयच्या मृत्यूची नोंद करायला गेलो होतो. (आय म्हणजे माझी आजी. पप्पा आय म्हणायचे म्हणून आम्ही नातवंडंही आयच म्हणायचो.) खिडकीवरचा मुलगा चांगला होता. नाव विचारलं, वय ८६, धर्म ख्रिस्ती, मग आला व्यवसायाचा रकाना. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "गृहिणी लिहितो ना सर?" आणि मी, तिचा इंजिनिअर झालेला थोरला नातू, "हो" म्हणालो.

नालासोपारा स्टेशनपर्यंत आलो आणि डोकं फिरलं. त्या मुलावर नाही. स्वतःवर.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. तेव्हा दिवसा लाईटचा पत्ता नसायचा, यायची ती रात्री दीड-दोनला. आय मला हलवून उठवायची. विहिरीवर एकटीने जायला ती घाबरत नव्हती, बॅटरी धरायला माणूस लागायचं म्हणून. पंप सुरू झाला की पाटाला पाणी यायचं. लाल लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून आय फावड्याने एकेका केळीच्या आळ्याचं तोंड फोडायची आणि फावड्यावर रेलून उभी राहायची, डाव्या हातात जपमाळ. एका केळीला माळेचं एक दशक, म्हणजे दहा मणी. दहा 'नमो मरिया' संपल्या की आळं भरलेलं असायचं. तोंडावर चिखल, थाप, पाणी पुढच्या केळीला. मध्येच काही विचारलं तर उत्तर नाही, नुसतं बोट वर. मला वाटायचं, प्रार्थनेत बोलू नये म्हणून. मोठेपणी कळलं, मोजणी चुकली तर पाणी वाया जाईल म्हणून.

पाच केळी झाल्या की एक माळ, म्हणजे एक रोझरी, पूर्ण. आमच्या केळी साठ.

मर्तिकाच्या मिस्सेत (देवळातल्या उपासनेत) प्रवचन सुंदर झालं, खोटं कशाला बोलू. भाविक, प्रेमळ, रोज एक रोझरी न चुकता. फादर, एक नाही हो. बारा!

कबूल, ती देवभोळी होतीच. सकाळची मिस्सा चुकली तर दिवसभर घरात कुणाची धडगत नसे. तिचं लग्न झालं तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असायची, व्हॅटिकन परिषदेनंतर मराठीत आली. मी एकदा विचारलं, "आय, लग्नात काय म्हणाले ते कळलं तरी होतं का तुला?" म्हणाली, "देवाला कळत होतं ना, मग झालं." (ती हे कादोडीत, आमच्या बोलीत, म्हणाली. मी प्रमाण मराठीत लिहितोय, कारण आमच्या पिढीला कादोडी ऐकता येते, लिहिताना हात अडखळतो. तोही राग आहेच, पण आज नको.)

माझं म्हणणं एवढंच आहे की भक्ती आणि शेती हे तिचे दोन वेगळे रकाने नव्हते. आपण त्यातला एक उचलून देवळात वाचून दाखवला आणि दुसरा खोडून टाकला.

मोगऱ्याच्या कळ्या पहाटे खुडून पहिल्या एसटीने स्टेशन, तिथून टोपली घेऊन लोकलने दादर, कोण जायचं? राजेळीची केळी सोलून उन्हात घालायची, संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी पुन्हा बाहेर, त्याची सुकेळी होईपर्यंत कोण बसायचं? तुम्ही निर्मळच्या जत्रेतून कौतुकाने घेऊन जाता ना, ती. नव्वदच्या आसपास टँकरवाल्यांनी विहिरी उपसायला सुरुवात केली आणि फादर दिब्रिटोंच्या मागे अख्खी वसई रस्त्यावर उतरली, तेव्हा आयही गेली होती, घरी न सांगता. परत येऊन पहिल्यांदा विहिरीत डोकावली, मग चहा घेतला. त्याच विहिरीला आता मार्चमध्येच मचूळ पाणी लागतं.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय. बॅनर बघतोय. छान आहेत. पण आपल्याकडे शेतकरी म्हणजे ज्याचं नाव सातबारावर.

आणि आता जे लिहिणार आहे ते पप्पांना आवडणार नाही. पप्पा, वाचत असाल तर लगेच खाली येऊ नका, आधी पूर्ण वाचा. आपण ख्रिस्ती, आपल्याला १९२५चा वारसा कायदा लागू. नवरा मृत्युपत्र न करता गेला आणि मागे मुलं असली तर विधवेला तिसरा हिस्सा, उरलेला मुलामुलींना सारखा. आजोबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. म्हणजे कागदावर आय दीड एकरातल्या तिसऱ्या हिश्श्याची मालकीण होती. किती दिवस? हक्कसोडपत्र होईपर्यंत. आयने आणि दोन्ही आत्यांनी एकाच दुपारी सह्या केल्या. आय सही शिकली होती देवळाच्या शाळेत, एकेक अक्षर काढत बसली. मग सगळ्यांना सरबत दिलं तिनेच.

कुणी जबरदस्ती केली नाही, हे मान्य. "मला काय करायचंय जमीन," असं ती स्वतःच म्हणाली, हेही मान्य. पप्पाही उन्हात राबलेत. पण त्याच रात्री ती पाणी धरायला गेली होती हो. ज्या वाडीत तिचं आता काहीच नव्हतं, तिथे. उद्या त्या सातबारावर माझं नाव लागेल, आणि मला केळीचा घड कधी उतरवायचा ते कळत नाही.

जाऊ दे. रागावून लिहायला बसलो होतो, आता राग कुणावर आहे तेच कळेनासं झालंय.

एक सांगायचं राहिलं. त्या माळेच्या तिसऱ्या दशकातला एक मणी कधीतरी वाडीत पडला होता. नऊच उरले होते. आय नवव्यानंतर रिकाम्या दोऱ्यावर बोट ठेवून दहावी 'नमो मरिया' म्हणायची. मी विचारलं, "मणीच नाही तर कशाला?" म्हणाली, "त्या केळीने काय पाप केलंय?"

पेटीत तिच्या हाताला नवी माळ गुंडाळली. चकचकीत, पांढरी, पन्नासच्या पन्नास मणी. कुणीतरी हौसेने आणली होती. जुनी पंपाच्या खोलीत खिळ्याला आहे, आत्ता बघून आलो.

बॅटरी मारली तेव्हा केळीही दिसल्या. खालची पानं करपलीत, आळ्यांना भेगा. आय जाऊन नऊ दिवस झाले. घर पाहुण्यांनी भरलंय, जेवणं, फोन, मिस्सेचा खर्च, सगळं व्यवस्थित चाललंय. नऊ दिवसांत वाडीला पाणी लावायचं एकालाही सुचलं नाही.

एक वाजून गेलाय. पंप लावतो.