टी-मोल्डिंगची खाच आणि चार इंची कटर: एका फॉरवर्डला उत्तर

सांगली-मिरजेकडच्या सुतारकामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. घरी आर्केड कॅबिनेट, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या मशीनचं लाकडी खोकं, बनवणाऱ्यांसाठी आहे. या खोक्याच्या फळ्यांच्या कडा टी-मोल्डिंग नावाच्या प्लास्टिकच्या पट्टीने झाकतात; तिच्यासाठी कडेत खाच पाडावी लागते, आणि ती राउटर या हातात धरायच्या यंत्राला स्लॉट कटर हे चकतीसारखं दातेरी पातं लावून पाडतात. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: “टी-मोल्डिंगच्या खाचेसाठी राउटर आणि स्लॉट कटरवर पैसे घालवू नका. टाईल कापायच्या चार इंची कटरला लाकडाचं पातं लावा आणि कडेच्या मधोमध ओढा. पट्टी ढिली बसली तर फेविकॉल आहेच. प्लाय 18 एमएम घ्या नाहीतर 19, फरक पडत नाही. कोपऱ्याला हेअर ड्रायर मारा. एकदा पट्टी बसली की कडेला पाणी लागायची भीती नाही.”

शाळा बुडवून एका नाण्यावर ‘मुस्तफा’ हा व्हिडिओ गेम खेळलेल्यांपैकी बरेच जण आता स्वतःच्या कमाईतून घरात तसलं मशीन उभं करतायत, त्यामुळे मेसेजला गिऱ्हाईक भरपूर आहे. त्यातली ड्रायरची गोष्ट बरीचशी खरी आहे. बाकीच्याबद्दल मात्र बोलायला हवं.

आधी ही पट्टी धरते कशी, ते बघू. टी-मोल्डिंग आडवं धरून टोकाकडून पाहिलं तर इंग्रजी टी दिसतो. वरची पट्टी कड झाकते आणि मधली जीभ खाचेत जाते. जिभेच्या दोन्ही अंगांना बारीक काटे असतात. आत जाताना ते दबतात आणि बाहेर यायला लागले की लाकडात रुततात. म्हणजे पट्टी धरून ठेवायचं काम खाचेच्या रुंदीचं आहे, गोंदाचं नाही. पाऊण इंची पट्टीला बहुतेक वेळा 1/16 इंचाची, म्हणजे साधारण 1.6 मिलिमीटरची खाच लागते. आपल्या मिस्त्रींच्या हिशेबात हा बरोबर अर्धा सूत झाला. काही पट्ट्यांना 3/32 इंच लागते, म्हणून विकणारा जो आकडा देईल तो आधी विचारून घ्यायचा.

आता चार इंची कटर. “पातं पातळच असतं की,” असं लोक म्हणतात. तबकडी पातळ असेल, पण दात तबकडीपेक्षा रुंद असतात आणि खाच दातांच्या रुंदीची पडते. तीही पातं जराही न डगमगता चाललं तरच. टेबल सॉचं नेहमीचं पातं तर जवळजवळ एक सूत खातं, म्हणजे हवी त्याच्या दुप्पट खाच.

तरी रुंदी ही दुसरी अडचण. पहिली अडचण मशीन टेकवायचं कुठे, ही आहे. खाच कडेत पाडायची, म्हणजे पातं प्लायच्या सपाट अंगाला समांतर फिरायला हवं. मग कटरचा पत्रा टेकणार त्या 18 मिलिमीटरच्या कडेवर. तळहाताएवढा पत्रा, खाली बोटभर आधार, आणि मशीन मिनिटाला 12-13 हजार फेरे घेतंय. जरा कललं की पातं खाचेत अडकतं आणि मशीन मागे उसळतं. हे यंत्र दगड-टाईलसाठी, दात नसलेल्या डायमंड पात्यासाठी बनवलेलं आहे. आपल्याकडे अर्धी सुतारकी त्यावर चालते, हे मला माहीत आहे. प्लायचा तक्ता आडवा कापणं मात्र वेगळं आणि उभ्या कडेवर तोल सांभाळत खाच पाडणं वेगळं.

शिवाय आर्केडच्या बाजूच्या फळीला बाक असतात. कंट्रोल पॅनलपाशी फळी आत वळते, वर दिव्याच्या पाटीपाशी बाहेर येते. आतल्या बाकावर कटरचा सपाट पत्रा दोन टोकांवर टेकतो, मधे पोकळी राहते आणि खाच उथळ पडते. बाहेरच्या बाकावर तो पाळण्यासारखा डुलतो. राउटर मात्र फळीच्या रुंद अंगावर बसतो, कटर खाली आडवा फिरतो आणि कटरखालचं बेअरिंग कडेला घासत जातं. बाक कसाही असो, खोली तीच राहते. साधारण 10 मिलिमीटर पुरते, पण जीभ मोजून त्याहून किंचित जास्त ठेवावी.

राउटर आणला की प्रश्न सुटला, असंही नाही. फर्निचरवाल्यांकडच्या ट्रिमरचा, म्हणजे छोट्या राउटरचा वेग मिनिटाला 30 हजारांच्या घरात असतो. स्लॉट कटरचा व्यास 47 मिलिमीटरच्या आसपास असला तर त्याचे दात सेकंदाला सुमारे 74 मीटर पळतात. कटरवर किंवा त्याच्या डबीवर कमाल फेरे छापलेले असतात, ते वाचायचे आणि वेग कमी करता येणारं मशीनच वापरायचं. कड आपल्या समोर धरून डावीकडून उजवीकडे जायचं. उलट गेलात तर कटर मशीनला ओढून नेतो. प्लायऐवजी एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, असेल तर तोंडाला मास्क हवाच.

“18 काय, 19 काय” या वाक्यावर मला सर्वात जास्त हसू आलं, कारण या कामात सगळी गंमत त्या एका मिलिमीटरमध्ये आहे. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर. नुसत्या 18 च्या प्लायवर पाऊण इंची पट्टी लावली तर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर ओठ बाहेर राहतो, नखाला लागतो आणि शर्टाची बाही त्यात अडकते. आपल्याकडे त्यावर सोपा तोडगा आहे. एका अंगाला 1 मिलिमीटरची सनमायका चढवा, बेरीज 19 होते आणि पट्टी सपाट बसते. दोन्ही अंगांना चढवलीत तर 20 होतात आणि पट्टीच तोकडी पडते. बाजारातला 18 चा प्लाय प्रत्यक्षात अनेकदा थोडा कमीच भरतो, म्हणून कॅलिपर लावूनच ठरवा. मध्यरेषा काढायची ती सनमायका चिकटल्यावर, आधी नाही. आणि खाच पाडताना राउटर कायम एकाच अंगावर, बाहेरून दिसणाऱ्या बाजूवर चालवायचा. अर्धी खाच इकडून नि अर्धी फळी उलटून तिकडून पाडली, तर कटर केसभर जरी मध्यापासून सरकलेला असेल, दोन खाचा एकमेकींना जुळत नाहीत.

फेविकॉलचं उत्तर एका ओळीचं आहे: पांढरा फेविकॉल लाकडाला धरतो, पीव्हीसीला नाही. खाच ढिली झालीच असेल तर इपॉक्सीत लाकडाचा भुसा कालवून ती भरा, वाळू द्या आणि नव्याने पाडा.

ड्रायरने पट्टी मऊ होते, हे कबूल. पण कोपऱ्यावर अडते ती जीभ. बाहेरच्या कोपऱ्यावर तिची दाटी होते, तिथे इंग्रजी व्ही आकाराचे तुकडे काढायचे. आतल्या कोपऱ्यावर ती ताणली जाते, तिथे नुसते उभे छेद पुरतात. दर्शनी पट्टीला सुरी लागू द्यायची नाही. मग गरम करून रबरी हातोडीने ठोकत जायचं, आणि सुरुवात करायची खालून मागच्या बाजूने, म्हणजे सांधा दिसत नाही.

राहिलं पाणी. 2019 च्या पुरानंतर सांगलीत एमडीएफबद्दल कुणाला काही समजवायला नको. पट्टी कडेवर बसते, कड बंद करत नाही, आणि खाच म्हणजे उघडा पडलेला आतला भुगाच. ओल बहुतेक वेळा खालून चढते आणि तिथे तर पट्टीही नसते. फरशी पुसताना रोज पाणी लागणार असेल तर कॅबिनेटच्या तळाला प्लास्टिकचे बूट ठोका, खालची कड आधी सीलर मारून बंद करा. खाचेच्या आत मात्र सीलर नको, रुंदी कमी होते.

ज्यांच्याकडे राउटर नाही त्यांनी तो विकत घ्यावा, असं माझं म्हणणं नाही. फळ्या आकारात कापून, सनमायका लावून टिंबर एरियातल्या किंवा जवळच्या एखाद्या फर्निचरवाल्याकडे न्या. स्लॉट कटर त्याच्याकडे नसेल तर तेवढाच आपला घेऊन जा. सोबत पट्टीचा वीतभर तुकडा आणि त्याच प्लायचा एक टाकाऊ तुकडा ठेवा. आधी टाकाऊवर खाच पाडून पट्टी ठोकून बघायला सांगा. हाताने ओढून निघाली, तर फळीला मशीन लावू देऊ नका.