वजनाच्या शस्त्रक्रियेला ‘सोपा मार्ग’ म्हणणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या दोन वर्षांत एकच संदेश मला चार वेगवेगळ्या माणसांकडून आला. एकदा नातेवाइकांच्या गटावर, एकदा सोसायटीच्या, एकदा शाळेतल्या जुन्या मैत्रिणींच्या, आणि चौथ्यांदा थेट माझ्या चुलत दिरांकडून, ‘तुला उपयोगी पडेल’ अशा प्रेमळ शेऱ्यासह. त्यात पाच वाक्ये आहेत: ‘वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया हा आळशी माणसाचा सोपा मार्ग आहे. पोट कापले की काम झाले, पुढे काही करावे लागत नाही. मधुमेह जातो, गोळ्या सुटतात. माणूस बारीक होतो आणि आनंदात राहतो. ज्यांचे वजन पुन्हा वाढते ते मुळातच हावरट असतात.’

सहा वर्षांपूर्वी मी स्वतः गॅस्ट्रिक बायपास ही वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. तेव्हा माझे वजन ११८ किलो होते, नऊ वर्षांचा मधुमेह होता आणि सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन चालू होते. त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते. परंतु ही पाचही वाक्ये तपासून पाहता येण्याजोगी आहेत, आणि तपासली असता तीन सपशेल चुकीची व दोन अर्धवट खरी ठरतात.

पहिले वाक्य आळसाचे आहे. माणूस खाणे कमी करून वजन उतरवू लागतो तेव्हा शरीर त्याला दुष्काळ समजते: भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते, तृप्तीचा संदेश देणारे लेप्टिन घटते, आणि बसल्या जागी खर्च होणारी ऊर्जाही कमी होते. उतरलेले वजन वर्ष-दोन वर्षांत परत येण्यामागे हे सारे असते, आणि ज्याने चारदा वीस-वीस किलो उतरवून ते चारदा परत कमावले आहेत त्याला आळशी म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे. शस्त्रक्रिया या संदेशांच्या यंत्रणेतच हात घालते. ‘स्लीव्ह’ या प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात आणि त्याबरोबर घ्रेलिन तयार करणारा मोठा भागही जातो, बायपासमध्ये जठराची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करून ती लहान आतड्याला पुढे जोडतात, त्यामुळे अन्न आतड्यात लवकर पोहोचते आणि तृप्तीची संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवतात. २०२२ साली अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय शल्यविशारदांच्या संघटनांनी संयुक्त मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचा विचार बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २७.५ पासून करता येईल असे सुचवले, कारण आपल्याकडे कमी वजनावरच मधुमेह गाठतो. आळसावरच्या उपायाची शिफारस कुणी अशा रीतीने करत नाही. (याच गटांवर ‘या ऑपरेशनमध्ये माणसे मरतात’ असा उलटा संदेशही फिरतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत ४,७७६ रुग्णांपैकी तीस दिवसांत दगावलेल्यांचे प्रमाण ०.३ टक्के होते. तेवढे सांगून तो संदेश बाजूला ठेवते.)

‘पोट कापले की काम झाले’ या दुसऱ्या वाक्याला मात्र सविस्तर उत्तर द्यावे लागेल, कारण खरे काम तिथूनच सुरू होते. पहिले दोन आठवडे निव्वळ पातळ पदार्थ: वरणाचे पाणी, ताक, नारळपाणी, तेही घोटाघोटाने. नंतर मऊ, कुस्करलेले अन्न, आणि नेहमीच्या जेवणाशी पुन्हा ओळख होईपर्यंत दीड-दोन महिने जातात. ही ओळख जुन्या माणसाशी नव्याने व्हावी तशी असते. जेवताना पाणी प्यायचे नाही, जेवणानंतरही अर्धा तास थांबायचे. प्रत्येक घास इतका चावायचा की बरोबरीच्या माणसांचे ताक पिऊन झाले तरी आपली अर्धी पोळी पानात असते. एक घास जास्त झाला तर छातीच्या मध्यभागी दगड ठेवल्यासारखे होते, आणि तो उतरेपर्यंत किंवा वर येईपर्यंत दुसरे काही सुचत नाही.

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत, असे आहारतज्ज्ञ सांगतात. एका वाटी वरणातून साधारण सहा-सात ग्रॅम मिळतात, आणि पोटात एका वेळी वाटीभरच मावते. शाकाहारी मराठी घरातल्या बाईने हे गणित स्वतः करून पाहावे. आपल्या पानाची सगळी रचना पोळी आणि भाताभोवती उभी आहे; शस्त्रक्रियेनंतर ती उलटी करावी लागते, म्हणजे आधी पनीर, उसळ किंवा घट्ट दही, मग भाजी, आणि जागा उरलीच तर चतकोर भाकरी. उपवासाच्या साबुदाण्याला या हिशेबात जागाच नाही. मी चतुर्थी सोडली तेव्हा सासूबाईंना हे समजावून सांगायला मला ऑपरेशनपेक्षा जास्त धैर्य लागले.

गोडाची गोष्ट वेगळी. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या पाडव्याला मी दोन चमचे श्रीखंड खाल्ले आणि पंधरा मिनिटांत घाम, धडधड आणि पोटात मुरडा अशा अवस्थेत आतल्या खोलीत आडवी झाले. याला डम्पिंग म्हणतात: जठरातील रोखून धरणारी व्यवस्था बाजूला पडल्यामुळे साखर एकदम आतड्यात उतरते आणि तिच्या ओढीने शरीरातले पाणीही तिकडे धावते. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी होतो, त्यात इन्सुलिनचा जोर जास्त झाल्याने रक्तातील साखर खाली येते, हातपाय थरथरतात, कधी भोवळ येते. प्रत्येकाला हे होतेच असे नाही, आणि बायपासच्या मानाने स्लीव्हनंतर कमी होते. पण ज्याला होते त्याला पंगतीतला आग्रह ही शब्दशः शारीरिक धास्ती वाटू लागते. ‘एवढंसंच? आमच्या हातचं आवडलं नाही वाटतं,’ याचे उत्तर कसे द्यायचे, आणि ‘पानात टाकू नये’ या संस्काराने वाढलेल्या माणसाने तीन घास खाऊन पान बाजूला कसे सारायचे, हे कोणत्याही शल्यविशारदाच्या माहितीपत्रकात नसते.

शिवाय पूरक औषधे आहेत: बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मल्टीव्हिटॅमिन, जन्मभर. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर हवे, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर फुकट जाते. बायपासनंतर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्या टाळाव्या लागतात, कारण त्यांनी नव्या जोडणीपाशी व्रण होऊ शकतो. गुडघेदुखीसाठी शेजारणीची गोळी मागून घेण्याची आपली सवय इथे महागात पडते. उलट्या दिवसेंदिवस थांबत नसतील तर बी-१ जीवनसत्त्व संपून मेंदूला व मज्जातंतूंना इजा होऊ शकते, म्हणून ‘पचत नसेल काहीतरी’ म्हणून घरी बसायचे नाही. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान केस मुठीमुठीने गळतात. बहुतेकांचे परत येतात, पण तोवर रोज सकाळी कंगवा पाहण्याची हिंमत करावी लागते. तरुण मुलींना आणखी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी: वजन उतरताच बंद पडलेली पाळी आणि गर्भधारणेची क्षमता लवकर परत येते, परंतु पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते, आणि त्यासाठी केवळ गोळ्यांवर विसंबून न राहता डॉक्टरांशी बोलावे लागते. हे सगळे ‘काही करावे लागत नाही’ या चार शब्दांत बसवलेले आहे.

मधुमेहाचे तिसरे वाक्य अर्धे खरे आहे, आणि ते अर्धे सत्य मोठे आहे. अमेरिकेतील ‘स्टॅम्पीड’ या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ साली आले, तेव्हा एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) सहा किंवा त्याखाली असलेल्यांचे प्रमाण बायपास झालेल्यांत २९ टक्के, स्लीव्ह झालेल्यांत २३ टक्के आणि केवळ औषधोपचार घेणाऱ्यांत ५ टक्के होते. फरक जबरदस्त आहे. तरीही शंभरातल्या सत्तरांना ती पातळी टिकवता आली नाही, हेही त्याच आकड्यात आहे. माझे इन्सुलिन दवाखान्यातून घरी येतानाच सुटले होते. चौथ्या वर्षी एक गोळी परत आली. ‘मधुमेह जातो’ असे ऐकून आलेल्या माणसाला ती गोळी पराभवासारखी वाटते, आणि काही जण ती घेतच नाहीत.

‘माणूस आनंदात राहतो’ हे चौथे वाक्य लिहिणाऱ्याने बहुधा आधीचे आणि नंतरचे अशी दोनच छायाचित्रे पाहिली असावीत. जिना न धापता चढता येणे, एसटीच्या बाकावर शेजाऱ्याला न अवघडवता बसणे, खाली बसून उठता येणे, हा आनंद खराच आहे आणि तो मी कुणालाही कमी लेखू देणार नाही. पण माझ्यासारख्या कित्येकांचे अन्न हे केवळ अन्न नव्हते. भांडण झाले, एकटे वाटले, ऑफिसातून अपमान गिळून घरी आले, की फरसाणाचा डबा होता. पोट लहान झाले आणि तो डबा बंद झाला. दुःख मात्र होते तेवढेच राहिले. पहिल्या सहा महिन्यांत मी जे रडले ते एखादे माणूस गेल्यासारखे होते, आणि गंमत म्हणजे त्याच काळात सगळे जण माझे अभिनंदन करत होते.

काहींच्या बाबतीत त्या रिकाम्या जागी दुसरे काही येते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात मद्याच्या विकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी ७.६ टक्के होते, पहिल्या वर्षी जवळपास तेवढेच राहिले आणि दुसऱ्या वर्षी ९.६ टक्क्यांवर गेले. बायपासनंतर दारू रक्तात झपाट्याने चढते, हे त्यामागचे एक शारीरिक कारण आहे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात ८,८१५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीच्या विभागात येण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर सुमारे दीडपट झालेले आढळले. एकूण संख्या थोडी होती आणि त्यांतील बहुतेकांना आधीपासून मानसिक आजार होता, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही; पण वजन उतरले म्हणजे मन सावरले असे धरून चालता येत नाही. (मन फार खचले तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते.)

आरशाचेही एक प्रकरण आहे. चाळीस किलो उतरल्यावरही मी दारातून तिरकी होऊन जात असे, आणि दुकानात मापाबाहेरचा ब्लाउज मागत असे, कारण मनातले शरीर बदलायला बाहेरच्या शरीरापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो. दंडाची आणि पोटाची कातडी लोंबते, उन्हाळ्यात तिच्या घड्यांत घामाने पुरळ उठते. रस्त्यात भेटणारे लोक आधी ‘आजारी होतीस का गं?’ असे विचारतात, मग दबक्या आवाजात ‘कॅन्सर वगैरे नाही ना?’ असे, आणि खरे सांगितले की चेहऱ्यावर ‘हात्तिच्या, ऑपरेशन होय’ असे भाव येतात. घरातला तोलही हलतो. स्वीडनमधील मोठ्या अभ्यासांवर आधारित २०१८ च्या निबंधात असे दिसले की शस्त्रक्रियेनंतर जोडीदार असलेल्यांमध्ये विभक्त होण्याचे प्रमाण वाढते आणि एकट्यांमध्ये नवे नाते जुळण्याचेही वाढते. मला यात विशेष आश्चर्य वाटत नाही; आयुष्यभर ‘घरातली जाडी’ म्हणून सोसत आलेली बाई ताठ चालू लागली की काही नाती तिच्याबरोबर चालतात, काही मागे पडतात.

राहिले हावरटपणाचे शेवटचे वाक्य. अमेरिकेतील युटा येथे बायपास झालेल्या रुग्णांचा बारा वर्षे पाठपुरावा केला गेला. मूळ वजनापेक्षा सरासरी घट दोन वर्षांनी ४५ किलो, सहा वर्षांनी सुमारे ३६ किलो आणि बारा वर्षांनी ३५ किलो होती. म्हणजे तळाला पोहोचून काही किलो परत येणे हा सर्वसाधारण प्रवास आहे, आणि बहुतांश घट बारा वर्षांनीही टिकून होती. सरासरीने ज्यांचे नऊ-दहा किलो वाढले ते सगळे हावरट, असे म्हणायचे असेल तर तो शब्दच निरर्थक होतो.

माझे वजन ७६ पर्यंत उतरले होते आणि पाचव्या वर्षी ८३ झाले. त्या सुमारास हा संदेश मला पहिल्यांदा आला. जे सोपे असल्याचे जगाने ठरवले आहे ते आपल्याला अवघड जात आहे, हे सांगायची चोरी होते. म्हणून मी तपासणीची तारीख आधी पुढे ढकलली, मग फोन उचलणे बंद केले, आणि असे चौदा महिने काढले. तळपायांना मुंग्या येत होत्या, त्याला मी चपलांचा दोष समजत होते. शेवटी गेले तेव्हा आत शिरताच ‘वजन वाढलंय हो,’ असे मीच म्हणाले. डॉक्टर बाईंनी काट्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी मला कॉटवर बसवले, कंप पावणारा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) घोट्याला लावून किती जाणवते ते विचारले, आणि रक्ताच्या अहवालात बी-१२ ची कमतरता दिसताच त्याची इंजेक्शने सुरू केली.