खुलासा : कॉस्तांच्या पत्नी मडगावच्या नव्हेत

‘युरोपच्या अध्यक्षांची बायको आपली मडगावकरीण, फर्स्ट लेडी झाली’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

आंतोनिओ कॉस्ता 1 डिसेंबर 2024 पासून युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष आहेत, हे खरं. पण गोव्याशी नातं त्यांचं, पत्नीचं नव्हे. त्यांचे वडील, लेखक ओर्लांदो दा कॉस्ता, जन्मले मोझांबिकात आणि वाढले मडगावात. आबाद फारिया रस्त्यावरचं घराण्याचं घर आजही उभं आहे. 2017 च्या जानेवारीत पोर्तुगालचे पंतप्रधान असताना कॉस्ता तिथे आले होते. घरातलं त्यांचं लाडाचं नाव बाबूश. आपल्याकडे वाड्यावाड्यावर सापडतो तसलाच! आई मारिया आंतोनिया पाला मात्र पोर्तुगीज पत्रकार.

पत्नी फेर्नांदा तादेउ पोर्तुगीज, पेशाने शिक्षिका. लग्न 1987 चं. एक मुलगा, एक मुलगी. म्हणजे मडगावच्या त्या सूनबाई, लेक नव्हे.

राहिलं ‘फर्स्ट लेडी’चं. युरोपियन कौन्सिल हे युरोपियन युनियनच्या सदस्य देशांच्या प्रमुखांचं मंडळ, देश नव्हे. तिथे असं पदच नाही. आलेला मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढं तरी बघा.