कोरे पदक खोटे नव्हे
ब्रिटिश नौदलातील एका टेलिग्राफिस्टच्या, म्हणजे बिनतारी संदेश घेणाऱ्या-पाठवणाऱ्या नौसैनिकाच्या, पदकांवर नाव कोरलेले नाही, म्हणून ती खोटी असावीत अशी शंका एका लेखकाने घेतली आहे; ती मला पटत नाही. दुसऱ्या महायुद्धाचे स्टार (ताऱ्याच्या आकाराची पदके) आणि वॉर मेडल ब्रिटिश सैनिकांना कोरेच, म्हणजे नाव न कोरता, मिळाले, आणि नौसैनिकांना तर ते अर्ज करून मागवावे लागले. पडताळणी करायची तर सेवापत्रकातील जहाजे आणि तारखा पाहाव्यात, कारण अटलांटिकमधील सेवेच्या अटलांटिक स्टारसाठी, युद्धसेवेचा १९३९-४५ स्टार मिळाल्यानंतर साधारणपणे सहा महिने समुद्रावर काढावे लागत. जहाजांच्या ताफ्यात रेडिओ मौन, म्हणजे संदेश पाठवण्यास मनाई, असल्याने टेलिग्राफिस्टचे काम मुख्यतः ऐकण्याचे. हेलकावणाऱ्या खोलीत, कानांवर हेडफोन चढवून, खरखरीतून निसटणारी सांकेतिक अक्षरे पेन्सिलीने टिपायची. आर्क्टिक समुद्रातील सेवेचा आर्क्टिक स्टार मात्र थेट २०१३ मध्ये आला, आणि हा उशीर मला अक्षम्य वाटतो.