८० रुपये वाचवायची कला

ॲप आवडलं ना? मग विकत घेऊ नका. विकत काय कुणीही घेतं, यूपीआयचा पिन टाकला की झालं, त्याला ना अक्कल लागते ना ओळखी. खरी मजा फुकट मिळवण्यात आहे, आणि मिळवल्यावर कसं वागायचं, काय बोलायचं, कुणावर रागवायचं याचं मार्गदर्शन आज मी करणार आहे, कारण मी स्वतः ॲप बनवतो. म्हणजे या विषयातला माझा अनुभव दांडगा आहे, फक्त दुसऱ्या बाजूचा.

माझं ॲप काही फार मोठं नाही हो. दूधवाल्यांसाठी आहे. कुणाकडे किती लिटरचा रतीब, गाईचं की म्हशीचं, कुणाचा कधी खाडा, कुणाकडे पाहुणे आले म्हणून दोन लिटर जास्त गेलं, हे सगळं टाकायचं आणि महिनाअखेरीला घरटी बिल तयार, व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळे. किंमत ८० रुपये, तीही एकदाच. जाहिराती नाहीत, वर्गणी नाही. नोकरी सांभाळून रात्री जागून दोन वर्षं घातलीत त्यात. (हे सहानुभूतीसाठी सांगत नाहीये, तुमची बचत केवढी मोठी आहे ते कळावं म्हणून.)

तर सुरुवात किमतीपासून करा. "८० रुपये? एका ॲपचे?" हे वाक्य मिसळ खाता खाता, दुसरी तर्री मागवून, पाव तोंडात असताना म्हटलं तर जास्त शोभून दिसतं. समोरचा म्हणेल की स्वस्त केलं तर लोक घेतील, तर त्याला हसा. गुगलने २०१५ मध्ये भारतात पेड ॲपची किमान किंमत ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणली, म्हणजे कटिंग चहाच्या भावात, म्हणून काय आपण सवय मोडायची का? चेक देशातल्या मॅडफिंगर गेम्सने २०१२ मध्ये 'डेड ट्रिगर' नावाचं झोंबी मारायचं गेम काढलं, किंमत फक्त एक डॉलरच्या आसपास, आणि अँड्रॉइडवर इतकी चोरी झाली की बिचाऱ्यांनी शेवटी ते फुकटच करून टाकलं. याला म्हणतात लोकशक्ती. आणि नंतर फुकट गेममध्ये आतून तलवारी-बंदुका विकत घ्यायला लावतात, दर दोन मिनिटांनी जाहिरात दाखवतात, सगळंच सबस्क्रिप्शन झालंय, म्हणून तुम्हीच सर्वात मोठ्याने ओरडायचं. हे असं का झालं याचा विचार अजिबात करायचा नाही, डोकं दुखतं.

एकटं वाटत असेल तर तेही सोडा, तुमच्या पाठीशी फार मोठा समाज आहे. लंडनच्या अस्टू गेम्सचं 'मॉन्युमेंट व्हॅली' आठवतंय का, ते जिन्यांचं सुंदर गेम, २०१४ चं? त्यांनीच जानेवारी २०१५ मध्ये सांगितलं की अँड्रॉइडवर जेवढ्या फोनवर ते टाकलं गेलं त्यातले फक्त ५ टक्के पैसे भरून, आयफोनवर ४० टक्के. आता ते भले लोक, त्यांनी हेही म्हटलं की काही जणांकडे दोन-दोन फोन असतात, एकदा विकत घेऊन दोन्हीकडे टाकलं असेल. हा मुद्दा लक्षात ठेवा, उपयोगी आहे. कुणी विचारलंच तर सांगायचं, मी ना, तो दुसरा फोन आहे.

याहून भारी युक्तिवाद म्हणजे "मी तसंही विकत घेणारच नव्हतो, मग तुझं नुकसान काय झालं?" यावर माझ्याकडे आजवर उत्तर नाही. फक्त जे ॲप आपण घेणारच नव्हतो ते रोज पहाटे चारला उघडायचं, वर्षभर, न चुकता.

आता आमच्या लोकांपासून सावध कसं राहायचं ते सांगतो, कारण काही डेव्हलपर फार चावट असतात. 'टुडे कॅलेंडर' नावाच्या ॲपवाल्याने २०१५ मध्ये काय केलं, तर पेड आवृत्तीच्या जवळपास ८५ टक्के कॉप्या चोरीच्या आहेत हे बघून त्याने चोरीची कॉपी ओळखून त्या लोकांच्या कॅलेंडरमध्ये आपोआप समुद्री चाच्यांच्या अपॉइंटमेंट टाकायला सुरुवात केली (इंग्रजीत या चोरीलाही 'पायरसी'च म्हणतात ना). म्हणजे दुपारी ऑफिसची मीटिंग आणि तिच्या शेजारी चाच्यांचा कार्यक्रम. बॉसला काय सांगणार? आणि ते 'गेम डेव्ह टायकून', किस्सा २०१३ चा, तेव्हा ते मोबाईलवर नव्हतं पण गोष्ट आपल्याच घरातली आहे. गेमच असं की तुम्ही गेम बनवणारी कंपनी चालवायची. बनवणारे दोघं भाऊ, ग्रीनहार्ट गेम्स, त्यांनी स्वतःच पहिल्या दिवशी क्रॅक कॉपी, म्हणजे कुलूप तोडलेली, टॉरंटवर, जिथून लोक फाईली फुकट उतरवतात तिथे, सोडली, पण त्या कॉपीत एक गंमत होती, काही तास खेळलं की तुमच्या गेममधल्या कंपनीचे गेम लोक चोरायला लागतात आणि तुमचं दिवाळं निघतं. पहिल्या दिवशी २१४ जणांनी विकत घेतलं आणि ३१०४ जणांनी फुकट. मग त्या ३१०४ पैकी काही जण इंटरनेटवर हातपाय आपटायला लागले की माझ्या कंपनीचे गेम लोक चोरतायत, हे अन्याय्य आहे, काहीतरी उपाय सांगा. मी हे वाचलं तेव्हा मला इतकं हसू आलं की बायकोने बाहेर येऊन विचारलं काय झालं.

पण घाबरू नका, बहुतेक डेव्हलपर इतके कल्पक नसतात, माझ्यासारखे सरळमार्गी मूर्ख असतात. आम्ही कुलूप लावतो. गुगलने २०१० मध्ये लायसन, म्हणजे ॲप खरंच विकत घेतलंय का, हे तपासायची सोय दिली, तर महिन्याभरात ती कशी काढायची हे कुणीतरी दाखवूनही दिलं, तेव्हापासून हा खेळ चालूच आहे. मीही एकदा कुलूप लावलं, ॲप उघडताना नेटवरून पावती तपासायची. झालं काय, चोरीच्या कॉपीतून कुलूपच काढलेलं असल्यामुळे तिथे सगळं मजेत, आणि ज्यांनी इमाने-इतबारे ८० रुपये भरले होते त्यांना पहाटे गोठ्यात रेंज नाही म्हणून ॲप उघडेना. एका आजोबांचा फोन आला, "बाळा, पैसे भरून चूक केली का मी?" मी आठ दिवसांत कुलूप काढून टाकलं. तेव्हा तुम्हाला माझा सल्ला हाच की पैसे भरू नका, भरले तर आम्ही तुमच्यावरच संशय घेतो.

कायद्याचंही मनावर घेऊ नका. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३बी, चोरीचा प्रोग्राम माहीत असून वापरला तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड, असं लिहिलंय खरं. पण मी ८० रुपयांसाठी वकील करणार आहे का? वकिलाकडे जाण्यायेण्याच्या रिक्षाचेच जास्त होतात.

बाकी फुकटच्या फाईलबरोबर काय काय येतं त्याचीही काळजी नको, फुकटात मिळतंय ते घ्यावं. २०२१ मध्ये कॅस्परस्की या अँटीव्हायरसवाल्यांना एफएमव्हॉट्सॲप नावाच्या व्हॉट्सॲपच्या बदललेल्या आवृत्तीत ट्रायडा नावाचा ट्रोजन, म्हणजे लपून शिरणारा घातक प्रोग्राम, सापडला होता, तो परस्पर आणखी तसलेच प्रोग्राम उतरवायचा आणि मालकाला न विचारता त्याच्या नावाने पैशाच्या वर्गण्याही चालू करू शकायचा. बघा, आम्ही हात जोडून मागितले तर मिळत नाहीत, आणि हे न मागता घेतात. धंदा यांच्याकडून शिकावा.

फाईल मिळवायची कुठून हे मी सांगायची गरज नाही, तुमच्या नात्यात एखादा असतोच. माझ्या नात्यातला माझा मावसभाऊ. गणपतीत घरी आला, मोदक खाता खाता अभिमानाने म्हणाला, "दादा, तुझं ॲप फेमस झालं, आमच्या गावच्या ग्रुपवर फुकट फिरतंय, मीच सगळ्यांना टाकून दिलं." मावशी म्हणाली, गुणाचं गं पोर, भावाची जाहिरात करतंय. मी अजून एक मोदक घेतला. नंतर तो ग्रुप बघितला तर माझ्या ॲपच्या खाली ठळक अक्षरात लिहिलेलं, "आमच्या पोस्ट क्रेडिट न देता कॉपी करू नयेत. मेहनत लागते."

आता शेवटचं आणि सर्वात महत्त्वाचं, विक्रीनंतरची सेवा. विक्री झाली नाही म्हणून सेवा सोडायची नाही. २०२४ च्या मार्चची एक तारीख, सकाळी साडेसहाला मला मेल आला, सगळा एका दमात लिहिलेला, की तुमच्या ॲपने २९ फेब्रुवारीचा दिवसच धरला नाही, माझी सत्तेचाळीस घरं आहेत, सगळ्यांना बिलं गेली पण, आता परत कुणाला मागू, माझं सत्तर लिटर दूध फुकट गेलं, कष्टाचं आहे ते, रस्त्यावर पडलेलं नाही, ताबडतोब बघा. सोबत स्क्रीनशॉट. त्यात बिलाच्या खाली त्या ग्रुपचं नाव, "जॉइन करा".

मी ते दोनदा वाचलं. 'फुकट गेलं' तर तीनदा.

पण चूक माझीच होती हो, लीप वर्षाचं गणित चुकलेलं, पैसे भरलेल्यांचंही चुकलंच असणार. त्या दिवशी ऑफिसला आजारी आहे म्हणून सांगितलं आणि बसलो. दुपारी दोनपर्यंत दुरुस्त झालं, नवीन व्हर्जन प्ले स्टोअरवर चढवलं, चुकलेल्या बिलांसाठी एक वेगळं बटणही दिलं, एक दाबलं की सगळ्या घरांना फरकाचं बिल जातं. त्या माणसाला कळवलं, की झालंय, अपडेट करून घ्या.

दहा मिनिटांत उत्तर आलं. "थँक्यू दादा, देव भलं करो. ग्रुपवर कधी येईल?"